उत्तर: कूस वळवली म्हणजे प्रेम आटलं?

एका ताईंनी लिहिलंय, रात्री जवळ गेलं की नवरा कूस वळवतो, म्हणजे प्रेम आटलं. मीही कितीतरी वर्षं हेच धरून बसले होते.

जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ या मनाच्या अभ्यासकांनी बाळ आणि आई यांच्यातल्या बंधाचा अभ्यास केला. १९८७ साली हेझन आणि शेव्हर या संशोधकांनी तोच विचार मोठ्यांच्या प्रेमाला लावला. कुणी निर्धास्त असतं, कुणी सतत धास्तावलेलं, कुणी अंतर राखणारं. धास्तावलेल्याला शरीरसंबंध म्हणजे ‘मी अजून हवीय ना?’ याचा पुरावा वाटतो, आणि अंतर राखणाऱ्याला नेमकी तीच जवळीक मागणीसारखी वाटते. एक ओढतं, दुसरं मागे सरतं.

आमचं घर इंदूरच्या रामबागेतलं, भिंतीपलीकडे सासूबाई! बोलायला जागाच नाही. शेवटी सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खाताना यांना विचारलं, तेही रागावून नाही. हे म्हणाले, “तू जवळ आलीस की परीक्षा असल्यासारखं वाटतं.” मला कधी सुचलंच नव्हतं.

मात्र समजून घेणं म्हणजे मन नसताना ‘हो’ म्हणणं नव्हे. तेही केलंय मी. दुसऱ्या दिवशी उगाच भांड्यांची आदळआपट व्हायची.