किरणोत्सर्गी सोर्स स्ट्रॉन्शियम-९० चा, पण ऊर्जा जवळजवळ चौपट येतेय!

जर्नल_अपूर्ण:
एमएस्सीचं प्रॅक्टिकल. जीएम काउंटरसमोर (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) स्ट्रॉन्शियम-९० ठेवून मध्ये ॲल्युमिनियमचे पत्रे वाढवत न्यायचे. पुस्तकात बीटाची, म्हणजे केंद्रकातून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनची, कमाल ऊर्जा ०.५४६ एमईव्ही (ऊर्जेचं एकक) दिलीय. माझे काउंट बॅकग्राउंडला (सोर्स नसतानाही येतात तेवढ्यांवर) टेकतात ते पत्र्यांची जाडी थेट १००० मिलिग्रॅम प्रति चौ. सेंमी. झाल्यावर, म्हणजे जाडीवरून ऊर्जा काढायच्या सूत्राने २.०९ एमईव्ही! सर म्हणाले, रीडिंग परत घे. परत घेतली, तेच. सेमीलॉग कागदावर रेघही सरळ नाही, आधी तीव्र उतार, मग सौम्य. सोमवारी सही घ्यायचीय.

निवृत्त_लॅबवाला:
एकही आकडा खोडू नकोस. डबीत स्ट्रॉन्शियम एकटं नसतं रे. बीटा टाकून त्याचं यिट्रियम-९० होतं. स्ट्रॉन्शियमचं अर्धायुष्य सुमारे २९ वर्षं, यिट्रियमचं फक्त ६४ तास. त्यामुळे महिन्याभरात जितकी स्ट्रॉन्शियमची विघटनं तितकीच यिट्रियमची होऊ लागतात, आणि यिट्रियमचा बीटा २.२८ एमईव्हीपर्यंत जातो. स्ट्रॉन्शियमचा बीटा १८५ मिलिग्रॅमच्या आतच संपतो, पाऊण मिलिमीटर पत्राही लागत नाही. त्यापुढे तू मोजलंस ते सगळं यिट्रियम, म्हणून रेघेला दोन उतार.
दरवर्षी एक तरी पोरगा बरोब्बर ०.५४६ 'आणायचा'. जर्नल उघडलं की कळायचं, याने पत्रे हलवलेच नाहीत.

जर्नल_अपूर्ण:
हुश्श! पण मग २.२८ तरी का नाही येत?

निवृत्त_लॅबवाला:
कारण सगळी ऊर्जा इलेक्ट्रॉनला मिळत नाही, सोबत सुटणारा न्यूट्रिनो नावाचा कण वाटा घेऊन जातो. टोकाजवळची ऊर्जा असलेले इलेक्ट्रॉन अगदी मोजके, ते बॅकग्राउंडमध्ये बुडतात. १९२७ मध्ये केंब्रिजला एलिस आणि वूस्टर यांनी रेडियम-ई, म्हणजे बिस्मथ-२१०, कॅलरीमीटरमध्ये ठेवून उष्णताच मोजली. कमाल ऊर्जा १.०५ एमईव्ही, पण दर विघटनामागे उष्णता मिळाली ०.३५ च्या आसपास. बाकीची कुठे गेली, यावर भौतिकशास्त्रज्ञ पाउलीने १९३० मध्ये न दिसणारा कण सुचवला, तोच हा न्यूट्रिनो. माझ्या मते तुमच्या अभ्यासक्रमात पाउलीच्या आधी हा प्रयोग शिकवायला हवा. असो. बॅकग्राउंड किती वेळ मोजलंस?

जर्नल_अपूर्ण:
एक मिनिट.

निवृत्त_लॅबवाला:
वाटलंच. दहा मिनिटं मोज, आणि शेवटच्या चार-पाच पत्र्यांनाही तेवढाच वेळ दे. सोर्स चिमट्यानेच उचल.