पायथन आणि जँगो शिकताना तुम्हाला काय कामी आलं?

पायथनवर जरा हात बसला की जँगोकडे (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचा तयार सांगाडा) वळावं म्हणून शोधायला गेलं, तर साधनांचा नुसता पूर. नुसत्या याद्या नकोत, त्या ढिगाने आहेत. तुम्ही काय वापरलं, काय अर्ध्यात सोडलं आणि का, ते लिहा.

—

मी सगळ्यात आधी धडा कुठल्या आवृत्तीचा आहे ते बघतो, शिकवणारा कितीही झकास असो. एका गाजलेल्या व्हिडिओमालिकेत साइटच्या पानांचे सगळे पत्ते रेगेक्सवाल्या (अक्षरांचे नमुने लिहायची किचकट भाषा) जुन्या 'युआरएल' फंक्शनने जोडलेले होते. २०१७च्या डिसेंबरात आलेल्या जँगो २.०मध्ये सुटसुटीत 'पाथ' मिळालं आणि ४.०मध्ये जुनं फंक्शन काढूनच टाकलं. म्हणजे आज तो धडा जसाच्या तसा उतरवला की इंपोर्टच्या ओळीवरच गाडी अडते. फॉरेन कीला (एका तक्त्यातली नोंद दुसऱ्यातल्या नोंदीशी जोडणारा दुवा) 'ऑन डिलीट', म्हणजे मूळ नोंद पुसली तर काय करायचं ते, सांगणंही २.०पासूनच सक्तीचं. नवा माणूस बिचारा आपलंच काही चुकलं समजून रात्रभर स्पेलिंग तपासत बसतो.

—

वरच्याला अनुमोदन. म्हणूनच मी जँगोचं अधिकृत ट्यूटोरियल धरलं. त्या पानांवर आवृत्ती बदलता येते. आठ भागांत मतदानाचं छोटं अ‍ॅप बनतं. बरेच जण चौथ्या भागानंतर, फॉर्म जमले की, सोडून देतात. माझ्या मते खरी मजा पाचव्यात आहे. प्रश्न नुकताच प्रसिद्ध झालाय का हे सांगणारं फंक्शन पुढच्या महिन्याची तारीख दिली तरी 'हो' म्हणतं. ही चूक आधीच्या भागात मुद्दाम पेरलेली आहे. आधी ती पकडणारी टेस्ट (कोड तपासणारा छोटा कोड) लिहायची, ती नापास होताना बघायची, मग दुरुस्ती. टेस्ट कशाला लिहायच्या हे मला तिथेच पटलं.

—

कमांड लाइनच (टाइप करून हुकूम द्यायची खिडकी) नवी असेल तर जँगो गर्ल्सचं ट्यूटोरियल घ्या. इंटरनेट कसं चालतं इथपासून सुरुवात करून ब्लॉग बनवून घेतात. नावावर जाऊ नका, कुणालाही चालतं.

—

माझं जरा उलटं आहे. मी कोर्सपेक्षा एरर पेजवरून जास्त शिकले. जँगोचं डीबग सेटिंग चालू असताना चूक झाली की येणाऱ्या त्या लांबलचक पानाला लोक घाबरतात, पण ट्रेसबॅकमधल्या (कोड कुठून कुठे जाऊन अडकला त्याची यादी) प्रत्येक पायरीखाली 'लोकल व्हार्स' असतं. ते उघडलं की त्या क्षणी कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय होतं ते समोर येतं. दुसरी सवय शेलची (एकेक ओळ लगेच चालवून बघायची जागा): क्वेरीसेटचं (डेटाबेसकडे केलेली मागणी) 'क्वेरी' प्रिंट करून खालचा एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसची भाषा, वाचायचा. लूपमध्ये दर ओळीमागे नवी क्वेरी का सुटते आणि 'सिलेक्ट रिलेटेड' लावल्यावर ती का थांबते, हे एसक्यूएलमधला जॉइन (दोन तक्ते एकाच क्वेरीत जोडणं) डोळ्यांनी दिसल्यावर लगेच उमगलं.

—

क्लास-बेस्ड व्ह्यूजवर (पान दाखवणारा कोड फंक्शनऐवजी क्लासमध्ये लिहायची जँगोची पद्धत) अजून कुणीच कसं बोललं नाही? 'क्लासी क्लास-बेस्ड व्ह्यूज' नावाची साइट आहे. कुठली मेथड कुठल्या मूळ क्लासमधून आली ते सगळं एकाच पानावर, कोडसकट. शिकवणी अशी नाहीच तिथे, पण माझ्या ब्राउझरात ती कायम उघडी असते.