लोकप्रशासन एम. ए.साठी विशेष विषय कोणता घ्यावा? स्थानिक स्वराज्य की सार्वजनिक वित्त? (बेळगाव सीमाभाग) : मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातील एका गावची असून बेळगावातील एका बहुराज्य सहकारी पतसंस्थेत लिपिक आहे. नोकरी सांभाळून लोकप्रशासन या विषयात एम. ए. करत आहे. पहिले वर्ष पूर्ण झाले आहे आणि तिसऱ्या सत्राची नोंदणी करण्यापूर्वी मला विशेष विषयांचा एक गट निवडायचा आहे. स्थानिक स्वराज्य व ग्रामविकास, सार्वजनिक वित्त व अंदाजपत्रक आणि मनुष्यबळ व्यवस्थापन असे तीन गट आहेत. एकदा घेतलेला गट बदलता येत नाही आणि शेवटच्या सत्रातील प्रबंधही त्याच गटातील विषयावर लिहावा लागतो. मनुष्यबळाचा गट मी बाजूला ठेवला आहे, कारण आमच्याकडे त्या कामासाठी कारखाने आणि खासगी संस्था एमबीए झालेल्यांनाच घेतात. प्रश्न उरतो तो पहिल्या दोन गटांचा.

मनापासून सांगायचे तर माझा ओढा स्थानिक स्वराज्याकडे आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत २९ विषय पंचायतींसाठी नमूद केले. पाणी, रस्ते, प्राथमिक शिक्षण, आरोग्य असे गावाच्या रोजच्या जगण्यातले जवळजवळ सारे त्यात आले. आमच्या गावात ग्रामसभेतील बोलणे मराठीत होते आणि इतिवृत्त कन्नडमध्ये लिहिले जाते. जमिनीचा उतारा, घरपट्टीची पावती, योजनेचा अर्ज हे सर्व कन्नडमध्ये असते आणि वयस्कर माणसांना प्रत्येक कागदासाठी दुसऱ्याचा आधार शोधावा लागतो. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक आहे तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, असे संरक्षण मान्य झालेले आहे आणि राज्यघटनेच्या ३५० ब या अनुच्छेदानुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारीही असतो. ही तरतूद गावाच्या चावडीपर्यंत का पोहोचत नाही, हे कोणीतरी मन लावून अभ्यासले पाहिजे असे मला फार वाटते.

माझी अडचण अशी आहे. स्थानिक शासन हा सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय असल्यामुळे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. आमच्या अभ्यासक्रमात कर्नाटकाचा १९९३ चा पंचायत राज कायदा सविस्तर शिकवतात. उद्या मला महाराष्ट्रात संधी मिळाली तर तेथे १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आणि १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम लागू आहे; मग दोन वर्षे शिकलेले कितपत उपयोगी पडेल? आम्हा सीमाभागातील मुलांना हा विचार टाळता येत नाही. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना कन्नड आवश्यक आहे आणि मी कन्नड अस्खलित बोलत असले तरी कार्यालयीन कन्नड सावकाश वाचते. दुसरीकडे, महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषक उमेदवारांना १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला असल्यास महाराष्ट्र लोकसेवा आयोगाकडे अर्ज करता येतो आणि माझे गाव त्या यादीत आहे. सार्वजनिक वित्ताला मात्र अशी राज्याची सीमा आड येत नाही. अंदाजपत्रक, लेखापरीक्षण, अनुदानाचे वाटप यांची तत्त्वे दोन्हीकडे सारखीच असतात. पतसंस्थेत ताळेबंद रोज हाताखालून जात असल्याने त्या विषयाची मला भीतीही नाही.

ज्यांनी यांपैकी एखादा गट घेऊन शिक्षण पूर्ण केले आहे किंवा पंचायतीत, लेखा विभागात अथवा महाविद्यालयात काम केले आहे, त्यांनी कृपया सांगावे की नोकरीच्या वेळी गटाला खरोखर किती महत्त्व दिले जाते. पुढे नेट परीक्षा देऊन अध्यापनात जावे असाही एक विचार आहे. त्या वाटेवर कोणत्या गटाचा फायदा होईल? आणि मला जे प्रश्न छळतात ते सोडून केवळ सोयीसाठी वित्त निवडणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद : चिकोडीहून

ताई, मी तालुका पंचायतीच्या लेखा शाखेतून निवृत्त झालो आहे. आपण दोन गट एकमेकांसमोर उभे केले आहेत, पण पंचायतीच्या कार्यालयात बसल्यावर ते वेगळे राहत नाहीत. ग्रामसभेने कोणताही ठराव केला तरी त्यापुढे पैसे कोणत्या शीर्षातून, म्हणजे हिशेबाच्या कोणत्या खात्यातून, येणार हे लिहावे लागते आणि तेथेच बहुतेक ठराव अडकतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना दिलेल्या अनुदानात ६० टक्के रक्कम बंधित होती. तिच्यापैकी निम्मी पिण्याच्या पाण्यावर आणि निम्मी स्वच्छतेवर खर्च करायची असे ठरलेले होते. उरलेल्या ४० टक्क्यांत गावाने आपल्या गरजा भागवायच्या, पण त्यातूनही पगार व आस्थापनेचा खर्च करायचा नाही. हा हिशेब माहीत नसलेला सदस्य सभेत तावातावाने बोलतो आणि शेवटी त्याला ‘निधी नाही’ एवढेच उत्तर मिळते. गावाचे भले करू इच्छिणाऱ्या कित्येक चांगल्या माणसांना मी असे हताश होताना पाहिले आहे आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की आपण वित्ताचा गट घ्यावा आणि प्रबंध मात्र पंचायतीवर लिहावा. राज्यघटनेचा अनुच्छेद २४३ एच पंचायतींच्या करांविषयी आहे आणि २४३ आय राज्य वित्त आयोगाविषयी. हे दोन्ही नीट समजले की स्थानिक स्वराज्याचा गाभा हाती येतो. कार्यालयीन कन्नडचा सराव मात्र आपण आजपासून सुरू करावा, गट कोणताही असो. रोकडवही आणि मागणी-वसुलीची नोंदवही वाचता येऊ लागली की पुढचे सोपे जाते, कारण त्यांतील शब्द मोजके असतात आणि पुन्हा पुन्हा तेच येतात.

प्रतिसाद : कोल्हापूरहून

मी लोकप्रशासन शिकवते. आधी आपल्या नेमक्या प्रश्नांची उत्तरे देते. नेट परीक्षा लोकप्रशासन या संपूर्ण विषयाची असते, तेथे गट विचारला जात नाही. पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गात पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात, तेव्हा ज्या गटात गुण चांगले पडतील तो घेण्यात व्यावहारिक शहाणपण आहे. लोकसेवा आयोगांच्या परीक्षांतही पदवी पुरते. संघ लोकसेवा आयोगाचा लोकप्रशासन हा वैकल्पिक विषय पुढे घेतलात तर पहिल्या पत्रिकेत वित्तीय प्रशासन आणि दुसऱ्या पत्रिकेत ग्रामविकास व नागरी स्थानिक शासन असे दोन्ही येते. शिवाय मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीत लिहिता येतात. म्हणजे नोकरीच्या दृष्टीने आपली निवड आपल्याला वाटते तितकी निर्णायक नाही.

वरील काकांच्या मताचा आदर ठेवूनही मी स्थानिक स्वराज्याचा गट सुचवेन. दोन राज्यांचे कायदे वेगळे आहेत ही आपण अडचण मानली आहे, पण अभ्यासकाला याहून चांगली जागा मिळणे कठीण. कर्नाटकाच्या कायद्यात साधारण ५,००० ते ७,००० लोकसंख्येसाठी एक ग्रामपंचायत आणि सुमारे ४०० लोकांमागे एक सदस्य असे मान आहे, म्हणून अनेक गावे एका पंचायतीत येतात. महाराष्ट्रात लहान गावालाही बहुधा स्वतःची पंचायत असते आणि सदस्य ७ ते १७ असतात. कर्नाटकात अध्यक्षाची निवड सदस्य आपल्यातून करतात, तर महाराष्ट्रात २०२२ पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडला जाऊ लागला. आपला खानापूर आणि त्याला लागून महाराष्ट्रात असलेला चंदगड या दोन तालुक्यांचे हवामान, पिके, बोली आणि नातीगोती यांत फारसा फरक नाही. फरक आहे तो कायद्याचा. एवढी तुलनेची सोय इतरत्र सहजी मिळत नाही. मात्र आपल्या विभागात या गटाला मार्गदर्शन करणारे शिक्षक क्षेत्रकार्य करून घेणारे आहेत का, हे नोंदणीपूर्वी अवश्य विचारून घ्या. वर्गात नुसती कलमे लिहून देणारे असतील, तर काकांचा सल्ला माना.

धागाकर्तीकडून

काका आणि मॅडम, आपण दोघांनी वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. मी विभागात जाऊन चौकशी केली. स्थानिक स्वराज्याच्या गटाला शिकवणारे सर विद्यार्थ्यांना पंचायतींत पाठवतात, हे वरच्या वर्गातील मुलींकडून कळले. त्यामुळे मी तो गट निश्चित करत आहे. काकांनी सांगितलेला पैशाचा मुद्दा मात्र मला सोडायचा नाही, म्हणून प्रबंधासाठी खानापूर तालुक्यातील एक आणि चंदगड तालुक्यातील एक ग्रामपंचायत घेऊन दोघींचे स्वतःचे कर उत्पन्न आणि बंधित अनुदानाचा खर्च यांची तुलना करावी असे मनात आहे. सरांनी तोंडी होकार दिला आहे.

आता एकच विचारते. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर पंचायतींचे आराखडे आणि जमाखर्च पाहायला मिळतो, परंतु घरपट्टीची गावनिहाय मागणी आणि वसुली मला हवी आहे, कारण आमच्या पंचायतीत अनेक गावे आहेत. तशी नोंद पंचायतीत वेगळी ठेवली जाते का, आणि ती साध्या पत्राने मिळेल की २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा लागेल? काका, आपण लेखा शाखेत होता, तेव्हा अर्जात नोंदवहीचे नाव नेमके काय लिहावे तेवढे कळवाल का?