स्टूलचं डिझाइन नोंदवायचंय, ते नवं आहे हे आधी कसं तपासायचं?

मोल्डिंगवाला: प्लास्टिकच्या एकसंध स्टूलचं डिझाइन तयार आहे. उंची 450 मिमी, बैठकीवर पानांची जाळी, पाय खाली बाहेरच्या बाजूला झुकलेले, आतून रिब (मजबुतीच्या पट्ट्या). साच्याची ऑर्डर देण्याआधी नोंदणीचा अर्ज करायचाय. आयपी इंडियाच्या, म्हणजे पेटंट-डिझाइन नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या साइटवर 'स्टूल' शोधलं, सारखं काही सापडलं नाही. एवढं पुरे का? दोन डीलरांना व्हॉट्सअ‍ॅपवर रेंडर (संगणकावर बनवलेलं चित्र) पाठवून झालंय.

आकृतिबंध: नाही, पुरे नाही. डिझाइन्स अ‍ॅक्ट 2000 च्या कलम 4 प्रमाणे अर्जाच्या तारखेआधी ते डिझाइन जगात कुठेही लोकांसमोर आलेलं असलं, तर नोंद मिळत नाही. ते कुणी नोंदवलेलं असायलाच हवं असं नाही, जुन्या कॅटलॉगमधला एक स्पष्ट फोटोही आडवा येतो.

नावावरून शोधू नका. एकाच वस्तूला कुणी स्टूल म्हणतं, कुणी चेअर, कुणी सीट. लोकार्नो या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला बसायच्या वस्तूंचा वर्ग 06-01 घ्या आणि चित्रं एकेक करून बघा. मग वायपोचा (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा) ग्लोबल डिझाइन डेटाबेस आणि युरोपचा डिझाइनव्ह्यू. मुदत संपलेल्या नोंदी मुळीच गाळू नका. भारतात संरक्षण 10 अधिक 5 अशी 15 वर्षं असतं. त्यानंतर ते डिझाइन कुणीही बनवू शकतं, पण 'नवं' म्हणून पुन्हा नोंदवता येत नाही. बहुतेकांची चूक इथेच होते.

त्यानंतर बाजार: इंडियामार्ट, अलिबाबा, अ‍ॅमेझॉन. रेंडर गूगल लेन्सला देऊ नका, बाहेरच्या सर्व्हरवर कशाला ठेवायचं? बाजारातल्या मिळत्याजुळत्या स्टूलचे फोटो टाकून शोधा. जे सापडेल त्याचा पत्ता आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. क्रॉक्स या पादत्राणांच्या कंपनीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये अंतरिम मनाई (निकालापर्यंत नक्कल थांबवण्याचा आदेश) नाकारली, कारण तसाच क्लॉग (भोकांचं पादत्राण) नोंदणीआधीच इंटरनेटवर दिसत होता. जुनी वेबपानं समोरच्या वकिलालाही सापडतात.

रेषाकाम: सापडलेली चित्रं आपल्या चित्राशेजारी ठेवून त्याच कोनातून बघा. कसोटी डोळ्यांची आहे. भोकं 24 ची 30 केली, कोपरा गोल केला, रंग बदलला, एवढ्याने भागत नाही. एकाची बैठक आणि दुसऱ्याचे पाय जोडले तरी कलम 4 मध्ये 'ज्ञात डिझाइनांचा संयोग' येतोच.

तुमच्या रिब मजबुतीसाठी आहेत, पायांचा झोक एकावर एक रचण्यासाठी असेल. निव्वळ कामासाठी असलेली रचना डिझाइनमध्ये धरत नाहीत. म्हणजे तुमचा खरा भार जाळीवर आहे. शोध तिच्यावर केंद्रित करा, अगदी खुर्च्यांच्या पाठींवरच्या जाळ्यासुद्धा बघा. अर्जातल्या नॉव्हेल्टीच्या निवेदनातही (डिझाइनमध्ये नवं काय ते सांगणाऱ्या मजकुरातही) जाळीचा उल्लेख यायला हवा. नुसतं 'संपूर्ण आकार' लिहिलं की संरक्षण पातळ होतं.

मोल्डिंगवाला: आणि डीलरांना पाठवलेल्या रेंडरचं काय?

आकृतिबंध: डिझाइन उघड केल्यावरही अमुक दिवसांत अर्ज चालेल, असा सरसकट सवलतीचा काळ भारतात नाही. विश्वासाने, गुप्त ठेवण्याच्या अटीवर दाखवलं असेल तर कलम 16 आधार देतं, पण ते सिद्ध तुम्हालाच करावं लागेल. चॅट पुसू नका. पुढे पाठवू नये असं आजच दोघांना लिखित कळवा आणि त्यांनी ते आधीच कुठे पाठवलंय का तेही विचारा. ग्रुपवर गेलं असेल तर धोका मोठा आहे. साचा बनवणाऱ्याकडून ड्रॉइंग देण्याआधीच गुप्ततेच्या करारावर सही घ्या.

रेषाकाम: एक मर्यादा उरतेच. दुसऱ्याचा प्रलंबित अर्ज नोंद होऊन प्रसिद्ध होईपर्यंत दिसत नाही. म्हणून शोध आठवडाभरात उरका आणि नोंदणी अर्जाचा फॉर्म 1 भरा. व्यक्ती, स्टार्टअप वा लघुउद्योगाला शुल्क 1000 रुपये, इतरांना 4000. समोर, मागे, डावी, उजवी, वर, खाली आणि तिरकस अशी सात दृश्यं द्या; त्यावर कंपनीचं नाव, लोगो, मापं नकोत. हरकती आल्या तर अर्जाच्या तारखेपासून 6 महिन्यांत दूर कराव्या लागतात, मुदत आणखी 3 महिने वाढवून मिळते. शोधातले स्क्रीनशॉट जपून ठेवा, हरकतीचं उत्तर लिहिताना तेच लागतील.