साडेसहाशे वर्ड फायलींमध्ये शहरांची नावं एकदम बदलायची आहेत, कसं करू?

वर्षा_ऑफिस

नमस्कार मंडळी. मी एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात काम करते. आमच्या शाळा मराठवाड्यात आणि नगरकडे आहेत त्यामुळे औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर ही तिन्ही नावं आमच्या कागदांत सगळीकडे पसरलेली आहेत. पहिली दोन २०२३ ला बदलली तेव्हा लेटरहेड बदललं आणि बाकीचं नंतर बघू म्हणून राहिलं, मग २०२४ ला अहिल्यानगर झालं, आता ऑडिटच्या आधी सगळे नमुने, दाखल्यांचे फॉर्म, पत्रं, नियमावल्या दुरुस्त करून द्या असं सांगितलंय. एकूण ६४० च्या आसपास वर्ड फायली आहेत, वेगवेगळ्या फोल्डरांत.

एकेक उघडून कंट्रोल एच करत बसले तर महिना जाईल. परवा ४० फायली तशा केल्या आणि रिप्लेस ऑल मारलं, तर एका पत्रात 'छत्रपती छत्रपती संभाजीनगर' झालंय, दुसरीकडे 'छत्रपती संभाजीनगरेत' असं काहीतरी आलंय, आणि आमच्या एका निवृत्त सरांचं आडनाव औरंगाबादकर आहे ते पण बदलून गेलं. मूळ फायलींची कॉपी होती म्हणून वाचले. प्रोग्रामिंग येत नाही पण कोणी नीट सांगितलं तर करू शकेन.

खडू_फळा

ताई, कॉपी ठेवलीत हे सगळ्यात चांगलं केलंत, ती कॉपी आता दुसऱ्या ड्राइव्हवर टाका आणि तिला हात लावू नका. फोल्डरमधल्या सगळ्या फायली एकामागून एक उघडून बदल करून सेव्ह करणारा मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्राम, वर्डमध्येच लिहिता येतो, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. ऑल्ट एफ११ दाबलं की तो लिहायचा एडिटर उघडतो.

फक्त दोन ठिकाणी माणूस अडकतो, मी दोन्हीकडे अडकलेलो आहे. एक म्हणजे त्या एडिटरला युनिकोड, म्हणजे मराठीसकट सगळ्या लिपींची अक्षरं साठवायची पद्धत, कळत नाही. मराठी नाव तिथे पेस्ट केलं की नुसती प्रश्नचिन्हं दिसतात आणि मॅक्रो खरंच प्रश्नचिन्हंच शोधत बसतो. त्यामुळे नावं कोडमध्ये लिहूच नका. एक वेगळी वर्ड फाइल करा, तिच्यात दोन रकान्यांचं टेबल, डावीकडे जुनं उजवीकडे नवं, आणि मॅक्रोला त्या टेबलातून जोड्या वाचायला लावा. पुढे जोडी वाढवायची झाली तर कोडला हातही लावावा लागत नाही.

दुसरं, साधा मॅक्रो फक्त मुख्य मजकुरात बदल करतो. हेडर, फूटर, तळटीपा, टेक्स्ट बॉक्स हे वर्डच्या लेखी वेगळे भाग आहेत, त्यांना तो 'स्टोरी' म्हणतो, आणि मॅक्रोला प्रत्येक स्टोरीत जायला सांगावं लागतं. शाळांच्या फॉर्मवर पत्ता नेमका हेडरमध्ये असतो, म्हणजे आत सगळं बदललेलं आणि वर जुनंच.

विभक्ती_प्रत्यय

मॅक्रो ठीक आहे पण तुमचा खरा घोळ मराठीचा आहे, त्यावर आधी बोलू. ला, चा, च्या, हून, कडे हे सगळे नुसते मागे चिकटतात, त्यामुळे 'औरंगाबादला' चं 'छत्रपती संभाजीनगरला' आपोआप बरोबर होतं. पण बाद ने संपणाऱ्या गावांना आपण 'त' लावताना 'बादेत' म्हणतो आणि नगर ला 'नगरात'. म्हणून टेबलात पहिली ओळ 'औरंगाबादेत' ची ठेवा, तिच्यासमोर 'छत्रपती संभाजीनगरात', आणि तिच्याखाली नुसतं औरंगाबाद. लांब रूप नेहमी आधी. या एका ओळीतच औरंगाबादेतून, औरंगाबादेतील, औरंगाबादेतले सगळे निघतात कारण पुढचं शेपूट तसंच राहतं.

उस्मानाबादला मात्र नीट लक्ष द्या. 'उस्मानाबादेत' समोर 'धाराशिवमध्ये' लिहायचा मोह होतो, वाचायला तेच बरं वाटतं, पण मग 'उस्मानाबादेतील' चं 'धाराशिवमध्येील' होईल. तिथे 'उस्मानाबादेतील' समोर 'धाराशिवमधील', 'उस्मानाबादेतून' समोर 'धाराशिवमधून', अशा वेगळ्या ओळी करा आणि त्यांच्याखाली उरलेलं नुसतं 'उस्मानाबादेत'. अहमदनगरचं सोपं आहे, नगरचं नगरच राहतं.

डबल छत्रपती कशामुळे झालं तर तुमच्या काही फायलींत आधीच कोणीतरी नुसतं 'संभाजीनगर' लिहिलेलं असणार आणि तुम्ही तेही बदलायला लावलंत, मग औरंगाबादच्या जागी आलेल्या 'छत्रपती संभाजीनगर' मधलं 'संभाजीनगर' पण पुन्हा बदललं. सगळं झाल्यावर शेवटी 'छत्रपती छत्रपती' शोधून एक छत्रपती करा, म्हणजे मॅक्रो चुकून दोनदा चालला तरी बिघडणार नाही.

आणि काय बदलायचं नाही याची पण यादी करा ना. आडनावं. ईमेल आणि वेबसाइटचे पत्ते, ते बदलले की लिंक मेली. कोर्टाच्या जुन्या निकालांतले 'औरंगाबाद खंडपीठ' असे उल्लेख, संदर्भातलं पुस्तकाचं प्रकाशनस्थळ, १९९८ चा अहवाल, हे त्या त्या वेळचे कागद आहेत, त्यात आजचं नाव घालणं म्हणजे दस्तऐवजात फेरफार, ते मला अजिबात पटत नाही. आणि बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, तुमच्याकडे तिकडचा कोणी शिक्षक असेल तर त्याचं गाव बदलून टाकाल.

रात्रपाळी

वरचं सगळं बरोबर. मी भर एवढीच घालतो की बदलायच्या आधी नुसतं शोधा. मी अशा कामाला पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहितो, ती काहीच बदलत नाही, प्रत्येक फाइलमधून तो शब्द आणि आधीची-नंतरची वीसेक अक्षरं काढून एक्सेलमध्ये टाकते. मग ती यादी माणसाने वाचायची, सॉर्ट केली की सारखे प्रकार एकत्र येतात आणि आडनावं, खंडपीठ वगैरे लगेच डोळ्यात भरतात.

कोणी पायथन वापरणार असेल तर दोन गोष्टी. वर्डची docx प्रकारची फाइल म्हणजे आतून एक झिप असते आणि तिच्यात एकच शब्द दोन-तीन तुकड्यांत तुटलेला असू शकतो, 'औरंगा' एका तुकड्यात आणि 'बाद' पुढच्यात, म्हणून तुकड्यात शोधू नका, अख्खा परिच्छेद जोडून शोधा. दुसरं म्हणजे पायथनच्या नेहमीच्या, मजकूर शोधायच्या 'रे' (re) मॉड्यूलमध्ये शब्दाची सीमा दाखवणारी खूण मराठीत फसवते. तिच्या हिशोबाने मात्रा हे अक्षरच नाही, त्यामुळे 'औरंगाबादेत' मध्ये द नंतर शब्द संपला असं ती धरते आणि 'औरंगाबादला' मध्ये संपला नाही असं. म्हणजे जे बदलायला हवं ते सुटतं आणि जे जपून बदलायचं ते सापडतं. वेगळं 'रेजेक्स' नावाचं मॉड्यूल मिळतं त्यात मात्रा अक्षरांबरोबरच धरतात.

वर्षा_ऑफिस

सगळ्यांचे मनापासून आभार. टेबल वाचणारा मॅक्रो ऑफिसमधल्या एका मुलाने बसवून दिला, जुने अहवाल आणि कोर्टाचे कागद आधीच वेगळ्या फोल्डरमध्ये काढले, आडनावाची फाइल पण. पहिल्यांदा ३० फायलींवर चालवलं आणि वर्डच्या कंपेअरमध्ये जुनी-नवी शेजारी ठेवून बघितली, ठीक होतं, मग बाकी सगळ्या केल्या, वीस-पंचवीस मिनिटं लागली. पण साधारण ५० फायली अशा आहेत की त्यात औरंगाबाद डोळ्यांना स्वच्छ दिसतंय आणि शोधलं की सापडत नाही म्हणतंय.

विभक्ती_प्रत्यय

त्यातला एक शब्द कॉपी करून शोधायच्या चौकटीत पेस्ट करा. पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर ती फाइल जुन्या फॉन्टातली आहे, श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असलं काहीतरी, आत मराठी नाहीच आहे, मराठी फक्त फॉन्टमुळे दिसतं. ती आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावी लागेल. मराठीच दिसलं तर पहिलं अक्षर बघा, 'औ' हे एक अक्षर असतं आणि कधी कधी 'अ' ला 'ौ' ची मात्रा जोडून 'अौ' केलेलं असतं, दिसायला जवळपास सारखं पण कॉम्प्युटरला वेगळं. टेबलात 'अौरंगाबाद' च्या पण दोन ओळी घाला.

वर्षा_ऑफिस

दोन्ही निघालं! ३८ फायलींत 'अौ' होता, त्या आत्ता झाल्या. १३ श्रीलिपीतल्या आहेत, सगळ्या २००६ च्या आधीच्या, त्यातल्या ४ च अजून वापरात आहेत, त्या मी उद्या हाताने नव्याने टाइप करते.