मदत हवी आहे : ऑर्गनवर ‘पुएर नातुस’चा शेवट कसा करावा?

नाताळच्या दिवशीच्या मिस्साला (कॅथलिक उपासनेला) आमचा गायनवृंद ‘पुएर नातुस एस्त नोबिस’ हे ग्रेगोरियन (चर्चच्या जुन्या, साथीविना गायच्या परंपरेतलं) प्रवेशगीत लॅटिनमध्ये गाणार आहे. त्याआधी तीनेक मिनिटं मला त्याच चालीवर ऑर्गनवर उत्स्फूर्त वाजवायचं आहे. चाल सातव्या मोडमधली (मोड म्हणजे चर्चसंगीतातला स्वरांचा साचा, आपल्या थाटासारखा), जी (G) या स्वरावर संपणारी. त्यात एफ नॅचरल, म्हणजे खमाज थाटासारखा कोमल निषाद. सुरुवातीची जी ते डी ही झेप इतकी सुंदर आहे की सगळं तिच्यावरच उभं करावंसं वाटतं.

पेडलवर (पायांनी वाजवायच्या पट्ट्यांवर) जी-डी धरून वर चाल वाजवून पाहिली. छान लागते, पण मिनिटभरात एकसुरी होते. कॉर्ड बदलायला घेतल्या की शेवटाकडे येताना हात आपोआप डी मेजरवर जातो, एफ शार्प, म्हणजे शुद्ध निषाद, घुसतो आणि सगळं साध्या जी मेजरमधल्या कॅरोलसारखं ऐकू येतं. एफ मेजरवरून जी वर आलो तर मोड टिकतो, पण संपल्यासारखं वाटत नाही.

ऑर्गन इलेक्ट्रॉनिक आहे, दोन मॅन्युअल (हातांनी वाजवायचे कीबोर्ड) आणि पूर्ण पेडलबोर्डचा. वृंद एक स्वर खाली, एफ वरून गातो, म्हणून प्रत्यक्षात मलाही तिथूनच वाजवायचं आहे. छापील प्रील्यूड (गाण्याआधी वाजवायचा तयार तुकडा) नको.

मोड न मोडता ठाम शेवट कसा करता, तोही वृंदाला पहिला स्वर लगेच सापडेल असा?