विजेतेपदासाठी संघ बदलणं: ड्युरँटनं २०१६ मध्ये केलं ते बरोबर की चूक? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

बाकावरचा सहावा

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या केव्हिन ड्युरँटनं ४ जुलै २०१६ ला ओक्लाहोमा सिटी थंडर सोडून गोल्डन स्टेट वॉरियर्सला जायचं ठरवलं. त्यावरची भांडणं अजून चालूच आहेत, म्हणून एकदा नीट बोलूया.

माझं मत: संघ बदलायला हरकत नाही. पण पाच आठवड्यांपूर्वी ज्यांनी आपल्याला हरवलं त्यांच्याच पंगतीला जाऊन बसणं मला पटत नाही. वेस्टर्न कॉन्फरन्सच्या (लीगच्या पश्चिम विभागाच्या) फायनलमध्ये थंडर वॉरियर्सविरुद्ध ३-१ ने पुढे होते. सहाव्या सामन्यात, घरच्या मैदानावर, शेवटचं क्वार्टर सुरू होताना ८ गुणांची आघाडी होती. मग क्ले थॉम्पसननं त्या एका क्वार्टरमध्ये १९ गुण काढले, सामन्यात एकूण ४१, तीन पॉइंटचे ११ शॉट. हे सगळ्यांना आठवतं. ड्युरँट त्याच सामन्यात ३१ पैकी १० शॉट बसवू शकला, हे मात्र सोयीनं विसरलं जातं. म्हणजे संघ कमी पडला असं म्हणायला जागा नव्हती.

शिवाय वॉरियर्सनी त्या मोसमात ७३ सामने जिंकले होते. त्यात ड्युरँट घातल्यावर २०१७ च्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत) १७ पैकी १६ जिंकले. यात कसोटी कुठे होती? आणि २०२२ मध्ये वॉरियर्स त्याच्याशिवाय पुन्हा जिंकले. त्याला त्यांच्याशिवाय अजून एकही विजेतेपद मिळालेलं नाही.

कॅपचा हिशेब

सहावासाहेब, भावना समजली, पण हे घडलं कसं ते आधी बघा. चूक खेळाडूच्या खात्यात टाकण्याआधी लीगच्या नियमांच्या खात्यात टाका.

टीव्हीच्या नव्या करारामुळे कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारांची मर्यादा, एका उन्हाळ्यात ७ कोटी डॉलरवरून ९ कोटी ४१ लाखांवर गेली. ही वाढ टप्प्याटप्प्यानं करू, असं लीगनं सुचवलं होतं. खेळाडूंच्या संघटनेनं नकार दिला. दुसरीकडे स्टीफन करी २०१२ च्या करारावर होता, चार वर्षं ४ कोटी ४० लाख. तेव्हा त्याचा घोटा वरचेवर दुखावत होता म्हणून तो स्वस्तात मिळाला. २०१६-१७ मध्ये सलग दोनदा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) झालेल्या माणसाचा पगार होता १ कोटी २१ लाख! या दोन गोष्टी एकाच वेळी जुळल्या नसत्या तर ७३ सामने जिंकलेल्या संघाच्या कॅपमध्ये मोठा फ्री एजंट (करार संपून मोकळा झालेला खेळाडू) बसलाच नसता.

पुढचं काम यांत्रिक होतं. हॅरिसन बार्न्सवरचा हक्क सोडला, तो डॅलसला ९ कोटी ४० लाखांच्या करारावर गेला. अँड्र्यू बोगटचा करार ट्रेडमध्ये (संघांमधल्या अदलाबदलीत) डॅलसलाच पाठवला. फेस्टस एझिलीला जाऊ दिलं. मोकळ्या झालेल्या जागेत ड्युरँटचे २ कोटी ६५ लाख बसले. सेंटर उरला नाही, म्हणून कॅपखालच्या संघांना मिळणारी छोटी सवलत वापरून झाझा पचुलियाला २९ लाखांत आणला आणि डेव्हिड वेस्ट किमान पगारावर आला.

ड्युरँटनं नियम मोडला नाही, कुणाला फसवलं नाही. नऊ वर्षं एका संघाकडे खेळून, करार पूर्ण करून तो गेला.

डावा हात

असहमत. नियमात बसतं म्हणून शहाणपणाचं ठरत नाही.

त्याच्यापुढे तिसरा रस्ता होता आणि तो त्याच्या एजंटला पाठ असणार. ओक्लाहोमाशीच एक अधिक एक वर्षाचा करार करायचा, म्हणजे दुसरं वर्ष खेळायचं की नाही ते खेळाडूच्या हातात. २०१७ मध्ये त्याची लीगमधली दहा वर्षं भरली असती आणि कमाल पगार कॅपच्या ३० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर गेला असता. म्हणजे आणखी एक संधी, वर जास्त पैसे, आणि वर्षभरानंतर दार उघडंच. गोल्डन स्टेटशीही त्यानं एक अधिक एकचाच करार केला. मग तो स्वतःच्या संघाशी का नाही?

आणि थंडरना बदल्यात काय मिळालं? शून्य. फ्री एजंट निघून गेला की ना पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक वाटपात, निवडीची संधी) मिळतो, ना खेळाडू. छोट्या शहरातल्या संघाला तसा खेळाडू पुन्हा ड्राफ्टमधूनच मिळवावा लागतो, आणि ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर ड्युरँट दर वर्षी बसलेला नसतो.

पोस्टमधला

@डावा हात, संघांच्या निष्ठेचा हिशेबही मांडा की. २०१२ ला फायनल खेळून आलेल्या याच थंडरनी चार महिन्यांत जेम्स हार्डनला ह्यूस्टनला धाडलं, कराराच्या काही दशलक्ष डॉलरच्या फरकावरून आणि लक्झरी टॅक्सच्या (पगारांवर जास्त खर्च करणाऱ्या संघाला बसणाऱ्या दंडाच्या) भीतीनं. ड्युरँट, वेस्टब्रुक आणि हार्डन तिघेही पुढे एमव्हीपी झाले. निघून जायची सुरुवात नेमकी कुणी केली?

ब्लेक ग्रिफिननं २०१७ च्या उन्हाळ्यात क्लिपर्सशी पाच वर्षांचा करार केला. त्याला पटवायला त्याची जर्सी छताला टांगण्याचा समारंभ रिकाम्या अरीनात करून दाखवला होता. जानेवारी २०१८ मध्ये त्याला डेट्रॉइटला पाठवून दिलं. डीमार डीरोझनला टोरंटोनं विकलं आणि पुढच्याच मोसमात विजेतेपद घेतलं. लुका डॉन्चिचला तर डॅलसनं फेब्रुवारी २०२५ मध्ये पंचविसाव्या वर्षी लेकर्सच्या हवाली केलं, फायनल खेळून वर्षही झालं नव्हतं. संघानं केलं की "व्यवहार", खेळाडूनं केलं की "पळपुटेपणा", हे काय गणित आहे?

आपल्याकडेही तेच. २०२४ ला हार्दिक पांड्याची वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्याला गुजरातकडून आणून रोहितच्या जागी कर्णधार करण्याचा निर्णय मालकांचा होता, शिव्या मात्र टॉसला आलेल्या माणसाला. २०१० ला क्लीव्हलंडमध्ये लेब्रॉनच्या जर्सी जाळल्या, त्यातला प्रकार वेगळा नव्हता.

झोन डिफेन्स

नीतीवर दोन्हीकडून बरंच झालं. मला खेळाच्या अंगानं बोलायचं आहे, कारण "जावं का" याचं अर्ध उत्तर "गेल्यावर खेळणार काय" यात असतं.

वॉरियर्सकडे ड्युरँट इतका सहज बसला कारण त्याला चेंडू हातात ठेवून खेळायची गरज नसते. पास आला की दोन ड्रिबलमध्ये शॉट, उंची इतकी की समोरचा हात अडथळा ठरत नाही. करीनं स्वतः ड्युरँटसाठी पिक लावला (हा पिक ड्राफ्टमधला नव्हे; बचावपटूच्या वाटेत उभं राहून त्याला अडवणं) की बचाव करणारे दोघं गोंधळतात: माणसं बदलली तर ठेंगणा गार्ड ड्युरँटसमोर येतो, न बदलली तर करी मोकळा सुटतो. बार्न्सला मोकळा सोडणं परवडत असे, २०१६ च्या फायनलमध्ये क्लीव्हलंडनं तेच केलं. ड्युरँटला मोकळं सोडायची सोय नाही. म्हणून "७३ वाले त्याच्याशिवायही जिंकलेच असते" हे म्हणणं मला मान्य नाही. २०१६ ची फायनल ते ३-१ वरून हरले होते, आणि २०१७ च्या तिसऱ्या सामन्यात शेवटच्या मिनिटात लेब्रॉनच्या तोंडावर तीन पॉइंटचा शॉट मारून सामना फिरवला तो ड्युरँटनंच.

उलट उदाहरण मिलवॉकीचं. २०२३ मध्ये डेमियन लिलार्डला आणायला त्यांनी जुरू हॉलिडे दिला, म्हणजे बाहेरच्या फळीतला सर्वात चांगला बचावपटू. लिलार्ड आणि संघाचा मुख्य खेळाडू यानिस यांचा पिक-अँड-रोल (एकानं पिक लावून लगेच बास्केटकडे वळणं) कागदावर भयानक दिसत होता. पण यानिसला वेग पकडून, समोर मोकळी वाट ठेवून बास्केटकडे जायला आवडतं. दर वेळी पिक लावून आत वळणं हा त्याचा मूळ खेळ नाही. दोन्ही वर्षं पहिल्याच फेरीत इंडियानाकडून बाहेर. एप्रिल २०२५ मध्ये लिलार्डचा अकिलिस (टाचेमागचा स्नायूबंध) तुटला, आणि त्याच्या उरलेल्या कराराचे ११ कोटींहून जास्त पाच वर्षांत विभागून फेडायचं ठरवून संघानं त्याला सोडलं. हॉलिडे दरम्यान बॉस्टनकडून २०२४ चं विजेतेपद घेऊन मोकळा झाला होता.

डावा हात

बरोबर, म्हणूनच म्हणतो: अंगठीची, म्हणजे विजेतेपदाची, खात्री कुणीच देत नाही. कार्ल मलोन २००३ मध्ये १५ लाखांवर लेकर्सकडे आला, सोबत गॅरी पेटन, आधीच शॅक आणि कोबी. मलोनचा गुडघा गेला, फायनलमध्ये डेट्रॉइटनं ४-१ नं धुतलं. पेटनला नंतर मायामीत २००६ ला मिळालं, मलोनला कधीच नाही.

ड्युरँटचंच पुढचं बघा. ब्रुकलिनमध्ये अर्व्हिंग आणि हार्डन जोडीला. मिळून प्लेऑफची एकच फेरी जिंकली. जून २०२१ च्या सातव्या सामन्यात त्याचा बूट रेषेवर पडला, तीनऐवजी दोन गुण मिळाले, सामना जादा वेळेत गेला आणि हरला. ५३ मिनिटं एकदाही न बसता त्यानं ४८ गुण केले होते. दुसरीकडे डर्क नोविट्स्की २१ मोसम डॅलसमध्येच राहिला आणि २०११ ला जिंकला. यानिसनं २०२० च्या डिसेंबरात मिलवॉकीशी करार केला, सात महिन्यांत विजेतेपद, शेवटच्या सामन्यात ५० गुण.

पोस्टमधला

डर्कचं उदाहरण नेहमी येतं, केव्हिन गार्नेटचं कुणी काढत नाही. मिनेसोटात १२ मोसम, कॉन्फरन्स फायनलच्या पुढे मजल नाही. २००७ ला बॉस्टनला गेला, २००८ ला जिंकला. तो आणखी चार वर्षं थांबला असता तर निष्ठेचं प्रशस्तिपत्र मिळालं असतं, बाकी काही नाही. डर्कला मार्क क्युबनसारखा पैसे ओतणारा मालक होता. ज्याचा मालक टॅक्स भरायला तयार नाही, त्या खेळाडूनं कशाच्या भरवशावर थांबायचं?

कॅपचा हिशेब

आता नव्या नियमांचं. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२३ च्या करारानंतर ड्युरँट-वॉरियर्स प्रकार जवळजवळ अशक्य आहे. संघाचा पगारखर्च दुसऱ्या एप्रनच्या (कॅपच्याही बऱ्याच वरच्या मर्यादेच्या) वर गेला की ट्रेडमध्ये दोन पगार एकत्र जोडून मोठा खेळाडू आणता येत नाही, मिड-लेव्हलची सवलत (कॅपच्या वर असूनही मधल्या पगाराचा खेळाडू घेण्याची मुभा) जाते, सोबत रोख देता येत नाही, सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक गोठतो.

फिनिक्सचं २०२४-२५ बघा. बुकर, ड्युरँट, बील तिघांचाच पगार १५ कोटींच्या पुढे, तर त्या वर्षीची कॅप सुमारे १४ कोटी ६ लाख. वर बीलकडे ट्रेड नाकारायचा हक्क. बाकी संघाचा बराचसा भाग किमान पगारवाल्यांनी भरला, ३६-४६ करून प्लेऑफसुद्धा नाही.

म्हणून आज स्टारनं जाण्याआधी नव्या संघाची एप्रनची स्थिती बघावी, आपल्या बदल्यात कोण जाणार ते बघावं, आणि सातवा-आठवा खेळाडू कोण उरतो ते तर नक्की बघावं. मालक सगळे तिसऱ्या स्टारचं नाव सांगून भुलवतात, हरवतो तो आठवा.

आणि पगार कमी घ्यायची तयारी हवी. ड्युरँटनं २०१७ मध्ये सुमारे २ कोटी ५० लाखच घेतले, कमाल पगारातले ९० लाखांहून जास्त सोडले, म्हणून इग्वोडाला आणि लिव्हिंगस्टन दोघंही टिकले. हे श्रेय त्याला कुणी देत नाही.

बाकावरचा सहावा

देतो की. पण पगार कमी घेऊन आहे तिथेही राहता येतं. जेलन ब्रन्सननं २०२४ ला न्यूयॉर्कशी चार वर्षांचा १५ कोटी ६५ लाखांचा करार केला. वर्षभर थांबला असता तर पाच वर्षांचे २६ कोटी ९० लाख मिळू शकत होते.

झोन डिफेन्स

तो ब्रन्सन २०२२ ला डॅलस सोडूनच न्यूयॉर्कला आला होता, आठवण करून देतो. :)

बाकी, जायचंच असेल तर करार संपवून जाण्यापेक्षा वर्ष-दोन वर्षं शिल्लक असताना सांगून जाणं संघाच्या फायद्याचं, हे माझं मत. पॉल जॉर्जनं २०१९ ला ट्रेड मागितला, तेव्हा थंडरना क्लिपर्सकडून शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पहिल्या फेरीचे पाच पिक मिळाले. त्यातल्या एकातून २०२२ ला बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स आला. २०२५ ला शे एमव्हीपी आणि थंडर विजेते.

डावा हात

म्हणजे करार मोडायची मागणी करणारा बरा आणि करार पाळून जाणारा वाईट? हे काही पचत नाही. लिलार्डनं २०२३ मध्ये "फक्त मायामी" असा हट्ट धरला, तेव्हा लीगला सगळ्या संघांना ताकीद देणारं पत्र काढावं लागलं होतं. त्यापेक्षा ड्युरँट परवडला.

पोस्टमधला

हे लिहून ठेवा रे कुणीतरी, डावा हात ड्युरँटच्या बाजूनं बोलले!